केवड्याचा विषाणू आला कुठून?

[औसा तालुका, सोयाबीनचं वावर]

शेंगा धरायच्या दिवसांत हिरव्या पट्ट्यात अशी पिवळी पडलेली झाडं दिसली, की शेतकरी म्हणतो, केवडा आला. पान जवळून बघा. शिरांच्या कडेनं पिवळे डाग, मधेच हिरवे. आता तेच पान उलटं केलं. पाठीला पांढरी माशी. बोट लागताच उडते. तिच्या सोंडेतून झाडात जो उतरतो, तो विषाणू या कॅमेऱ्याला दिसणार नाही. एका मिलिमीटरात असे तीसेक हजार कण ओळीनं मावतील.

आत काय? डीएनएच्या दोन कड्या, प्रत्येकी सुमारे 2,700 अक्षरांची, म्हणजे डीएनएच्या घटकांची. बस्स.

खडकात विषाणूचा ठसा सापडत नाही, म्हणून त्याची वंशावळ जनुकांतच वाचायची. या विषाणूत रेप नावाचं प्रथिन आहे. ते डीएनएची कडी नेमक्या एका जागी कापतं आणि तिथून नक्कल सुरू होते. पुढची मेहनत झाडाच्या पेशीची. हुबेहूब अशीच कापाकापी जिवाणूंमधल्या प्लाझ्मिडमध्ये चालते. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य डीएनएपासून वेगळी असलेली छोटी कडी. यातलं फार जवळचं साम्य आढळलं ते फायटोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूच्या प्लाझ्मिडशी.

[वांग्याचं वावर]

फायटोप्लाझ्मा काय करतो, ते या वांग्यावर दिसतं. पानं बारीक, झुबक्यानं आलेली. फळाचा पत्ता नाही. हा पर्णगुच्छ. अन्नवाहिनीत राहणाऱ्या, पेशीभित्तिका नसलेल्या या जिवाणूचं काम. केवड्याचा विषाणूही वाढतो अन्नवाहिनीतच! म्हणून काही शास्त्रज्ञ मांडतात, की फार पूर्वी अशाच एखाद्या झाडात एक कडी जिवाणूतून निसटली, बाहेरच्या कवचाचं जनुक तिला एखाद्या आरएनए विषाणूकडून (ज्यात डीएनएऐवजी आरएनए असतो) मिळालं, आणि तिचा विषाणू झाला. आम्हाला ही मांडणी पटते, कारण तिचे दुवे आजही एकाच शिवारात उभे आहेत.

सगळ्या विषाणूंची कुळकथा अशी नाही. अमिबात राहणारा, 2003 साली ओळख पटलेला मिमिव्हायरस 12 लाख अक्षरांचा. तो पेशीचंच झिजलेलं रूप असावा, असंही एक मत आहे.

केवड्यानं शेंगा कमी लागतात, दाणा बारीक राहतो, उतारा घटतो. रोगट झाड दिसताच उपटायचं, माशी आवरायची.

[भेंडी, टोमॅटो]

भेंडीचा हळद्या आणि टोमॅटोची पानं आकसवणारा विषाणू याच घराण्यातले. रेप सगळ्यांकडे आहे. त्याचंच जनुक बंद पाडून पीक वाचवायचे प्रयोग प्रयोगशाळांत चालू आहेत.