नमक, पलटण आणि अकरा रुपये

(सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत जानेवारीत झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

बसा, बसा. मागं ऐकू येतंय का? ‘नाही’ म्हणालात म्हणजे येतंय.

विषय पत्रिकेवर छापलाय: लढाईत लढणारा सैनिक खरोखर देशभक्त असतो का? पत्रिका बघून आमच्या शेजाऱ्यांनी मला जिन्यातच गाठलं. म्हणाले, “सर, सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा चालू आहे, लोक खुशीत आहेत, कशाला असलं काढता?” मी म्हटलं, गड्ड्यात मौत का कुआँ बघायला जाता ना, तसं समजा.

हा किडा माझ्या डोक्यात सोडला तो मामानं. मंगळवेढ्याच्या पुढं आमचं आजोळ. मंगळवेढा म्हटलं की तुम्हाला काळी जमीन आणि मालदांडी ज्वारी आठवते. मामाच्या वाट्याला आला होता माळ. दीड एकर कोरडवाहू आणि पाच भावंडं. मामा भरतीला गेला, शिपाई झाला, 1971 ला पूर्वेच्या आघाडीवर होता आणि हवालदार होऊन पेन्शनीवर घरी आला.

मी सातवीत होतो. 15 ऑगस्टला हेडमास्तरांनी मामाला शाळेत बोलावलं. फळ्यावर रंगीत खडूनं ‘देशभक्तीची ज्योत’. ज्योत माझ्याच वर्गातल्या एकानं काढली होती, ती मक्याच्या कणसासारखी दिसत होती. मामा कडक इस्त्रीत, छातीवर मेडलं. उभा राहिला आणि म्हणाला, “पोरांनो, पहिली गोष्ट, मोजे कोरडे ठेवायचे.”

मग पंधरा मिनिटं मोजे. तिकडं पाणीच पाणी, भाताची खाचरं, नाले. पाय कुजतात. मोजे पोटाशी धरून वाळवायचे. पोरं मन लावून ऐकायला लागली, हेडमास्तर मात्र खुर्चीत चुळबुळ करायला लागले. शेवटी न राहवून म्हणाले, “हवालदारसाहेब, समोर शत्रू असताना मनात मातृभूमीचा विचार कसा यायचा, ते सांगा ना.” मामा म्हणाला, “कसला विचार ओ गुर्जी, दोन रात्री झोप नव्हती.”

नंतर त्यानं जोडीदाराची गोष्ट सांगितली. बेळगावकडचा गडी, मांडीत गोळी लागली. मामानं त्याला कमरेएवढ्या पाण्यातनं ओढत मागं आणला. वरनं फायरिंग चालूच. हेडमास्तरांचा चेहरा एकदम उजळला. “का आणलंत त्यांना, हवालदारसाहेब?” मामा म्हणाला, “अकरा रुपये घेतले होते त्यानं माझ्याकडनं. मेला असता तर कुणाला मागू?”

पोरं हसून लोळली. हेडमास्तर आभाराला उठले आणि म्हणाले, “हवालदारसाहेबांनी विनयानं सांगितलं नाही, पण मातृभूमीच्या हाकेला ओ देऊन...” आणि पुढं वीस मिनिटं. आम्ही जिलबीच्या पातेल्याकडं बघत उभे. घरी जाताना मामा मला म्हणाला, “तुझ्या मास्तरनं त्याचं भाषण माझ्या तोंडात कोंबलं रे.”

त्या मास्तरांचा राग अजून गेलेला नाही माझा. बायको म्हणते, चाळीस वर्षं झाली, सोडा आता. कसं सोडू? ते मास्तर आता घरोघरी मोबाइलमध्ये शिरलेत! जवानाचा फोटो, मागं वाजंत्री आणि खाली आपलं वाक्य, त्याच्या नावावर.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’. अहो, मूळ विषयाला आत्ताशी हात घातलाय मी. बरं, भराभर सांगतो.

मामा सांगत होता तेच पुढं अभ्यासकांनीही मांडलं. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन फौज हरताना दिसत असूनही का फुटली नाही, याचा शोध शिल्स आणि जानोविट्झ या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी घेतला. त्यांचा लेख 1948 चा. उत्तर असं, की शिपायाला धरून ठेवत होती ती तुकडीतली शेजारची माणसं. नाझी विचाराचा वाटा त्या मानानं कमी. आपल्या फौजेत याला जुने शब्द आहेत: नाम, नमक, निशान. पलटणीचं नाव, खाल्लेलं मीठ, पलटणीचा झेंडा. बघा, यात ‘देश’ हा शब्द नाही.

आता नमकाची गंमत. त्याच महायुद्धात आपले 25 लाख लोक फौजेत होते, सक्तीची भरती नव्हती. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत मशीनगनवर एकटे धावून गेले आणि तिथंच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. शौर्याबद्दल शंकाच नाही. पण मीठ कुणाचं होतं?

आणि आपलं गाव. परवाच 12 जानेवारी झाली, चौकात हार घातले आपण. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चौघांना 1931 ला येरवड्यात फाशी. एकही फौजी नाही. मे 1930 मध्ये इथं मार्शल लॉ पुकारून रस्त्यावर उतरली ती फौज. त्याच्या थोडंच आधी, 23 एप्रिलला, पेशावरात त्याच इंग्रजी फौजेतल्या चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या जवानांनी निःशस्त्र लोकांवर गोळी चालवायला नकार दिला. कोर्ट मार्शल झालं, गढवालींना जन्मठेप. त्यांनी नमक मोडलं. माझ्या मते त्या वर्षातला देशभक्त सैनिक तो, कारण त्यानं स्वतः ठरवलं. मामाला ठरवायची वेळच आली नाही, त्यानं फक्त माणूस ओढून आणला. यानं मामा लहान होत नाही.

हं, आणि 14 ऑगस्ट 1947 ला पलटणीत जो शिपाई होता तोच 15 ला होता. बूटही तेच. मध्यरात्री त्याच्यात काय बदललं? आपण त्याला हाक मारायचा शब्द बदलला.

दुसरी चिठ्ठी. कोटणीस राहिले! सोलापूरचा डॉक्टर, 1938 ला चीनला गेला, 1942 ला तिथंच वारला, परक्या फौजेचे जखमी तपासत. त्याला कुठल्या देशाचा भक्त म्हणायचं? अग्निवीरांवरही बोलायचं होतं. 2022 पासून चार वर्षांची नोकरी, चौघांतला फार तर एक कायम. मामा आणि त्या बेळगावच्या गड्याची उधारी जुनी व्हायला तरी वेळ मिळाला होता.

काय म्हणालात? ते अकरा रुपये? नाही दिले. मामा होता तोवर दर दिवाळीला पत्र यायचं, आणि शेवटची ओळ ठरलेली: ‘पैसे पुढच्या महिन्यात नक्की.’