डेकला रंग चढवू नका, मुरवा

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी एक छोटं काम करतो. या टेबलावर फळीचे दोन तुकडे आहेत, दोन्ही माझ्या घरामागच्या डेकचे, म्हणजे उघड्यावरच्या लाकडी ओट्याचे. दोन्हींवर चमचाभर पाणी टाकतो. टाकलं. आता तिकडे पाहू नका, माझ्याकडे पाहा. थोड्या वेळाने परत त्यांच्याकडे येऊ.

आपल्यापैकी कुणीही डेक मागून घेतलेला नाही. न्यू जर्सीत घर घेतलं, त्याच्या पाठीला डेक चिकटून आला. पहिले दोन उन्हाळे त्यावर मिसळीच्या पंगती झाल्या. तिसऱ्या वर्षी फळ्या करड्या पडल्या. चौथ्या वर्षी पावसानंतर सासूबाई शेवाळावरून घसरता घसरता वाचल्या, आणि त्या शनिवारी तुम्ही दुकानात डब्यांच्या भिंतीसमोर उभे. क्लिअर, टोनर, सेमी-ट्रान्सपरंट, सॉलिड, सीलर, कोटिंग. प्रत्येक डब्यावर सोनेरी डेक आणि हसरं कुटुंब.

मी रंगाच्याच धंद्यातला. माटुंग्याला यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञानाच्या कॉलेजात शिकलो आणि इथे येऊन नोकरीभर रंगच ढवळले. तरीही मी काय केलं, ते आधी कबूल करतो. आमचा डेक आठ वर्षांचा असताना मी त्यावर एक जाड कोटिंग लावलं. भेगा बुजतात, कुसळं टोचत नाहीत, वर्षानुवर्षं बघावं लागत नाही, असं डब्यावर लिहिलं होतं. लावल्यावर डेक साबुदाण्याच्या पापडासारखा खरखरीत आणि एकसारखा दिसायला लागला. शेजारी येऊन कौतुक करून गेले. दोन हिवाळे गेले आणि पोपडे सुटायला लागले. सगळीकडे सुटले असते तर बरं झालं असतं. अर्धे सुटले, अर्धे इतके घट्ट की खरवडताना लाकूड निघालं. तो सबंध उन्हाळा मी गुडघ्यांवर होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण निम्मी चूक माझी होती. हा रंग टिकणार नाही, हे मला कळायला हवं होतं.

का टिकणार नाही? भिंतीवरचं पाणी ओघळून जातं, फळीवरचं तिथेच बसतं. भिंतीवर ऊन तिरपं पडतं, फळीवर दुपारचं सरळ डोक्यावर. भिंतीवरून कुणी चालत नाही. त्यात लाकूड जागेवर स्थिर नसतं. डेकची नेहमीची साडेपाच इंची फळी ओली-कोरडी होताना रुंदीला दोन-तीन मिलिमीटर सहज फुगते आणि आक्रसते. वरच्या रंगाच्या पापुद्र्याला दर वेळी तेवढं ताणायचं. जुना झाला की तो तडकतो. स्क्रूच्या भोकांतून आणि फळीच्या कापलेल्या टोकांतून पाणी आत जातं. टोकाकडून तर लाकूड पाणी अक्षरशः ओढतं, कारण झाडाच्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, कारण वर आपण झाकण घातलंय. जानेवारीत त्याचं बर्फ होतं आणि बर्फ पाण्यापेक्षा सुमारे ९ टक्के जास्त जागा मागतं. म्हणजे आपण लाकूड वाचवायला लावलेला थर लाकडाला भिजवून ठेवतो. कुजवणाऱ्या बुरशीला तेच हवं असतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर तिला धरता येत नाही.

म्हणून मी 'मुरवा' म्हणतो. लोणच्याची फोड बाहेरून लाल दिसते ती गोष्ट वेगळी आणि आतपर्यंत मुरते ती वेगळी. सेमी-ट्रान्सपरंट, तेलाचा, आत शिरणारा रंग, ज्याला स्टेन म्हणतात, तो लाकडाच्या वर पापुद्रा धरत नाही. धरतच नाही, म्हणून सुटतही नाही. तो फिका पडतो, झिजतो, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. माझ्या ओळखीचे लोक नेमकं यावरच नाक मुरडतात: 'पुन्हा द्यावा लागतो?' हो, लागतो. पण त्या वेळी खरवडावं लागत नाही. धुतला, वाळवला, लावला.

आमचं मूळ घर वेंगुर्ल्याचं. मे महिन्याच्या शेवटी वडील काजूच्या टरफलांचं तेल आणायचे, काळंकुट्ट, डांबरासारखं. पडवीचे खांब, दाराच्या चौकटी, वाशांची बाहेर आलेली टोकं, सगळ्यांना ते चोपडलं जायचं. आम्हा मुलांना हात लावायची बंदी, कारण कातडीवर फोड उठतात. वाळवी त्या लाकडाच्या वाटेला जायची नाही आणि पाणी त्यात शिरायचं नाही. पुढे कॉलेजात कळलं की त्यात फिनॉलच्या जातीची संयुगं असतात, त्यांना लांब तेलकट शेपट्या असतात, आणि ती लाकडाच्या आत जाऊन बसतात. वडिलांना फिनॉल माहीत नव्हतं. पाऊस माहीत होता. आणि दर वर्षी तेल लावताना ते कधी कुरकुरल्याचं मला आठवत नाही. कौलं शाकारणं, लाकडं भरणं, तसंच ते एक काम.

आता ऊन. फळी करडी का पडते? लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. उन्हातले अतिनील किरण तो मोडतात, पाऊस त्याचा चुरा धुऊन नेतो, आणि वर राहतात ते सुटे, पांढुरके तंतू. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला अमेरिकन वनखात्याची एक प्रयोगशाळा १९१० पासून लाकडाचाच अभ्यास करते. तिथल्या मंडळींचा हिशेब असा, की उघड्यावरचं पाइनसारखं मऊ लाकूड नुसत्या उन्हापावसाने शंभर वर्षांत जेमतेम ६ मिलिमीटर झिजतं. त्यामुळे डेक करडा झाला म्हणून रात्रीची झोप घालवू नका. प्रश्न दिसण्याचा नाही, त्या सुट्या तंतूंवर काही चिकटत नाही हा आहे. मेलेल्या कातडीवर मलम लावल्यासारखं होतं.

अतिनील किरण अडवायचे तर रंगद्रव्य हवं. नुसता पारदर्शक सीलर पाणी थोपवतो, ऊन जवळजवळ थोपवत नाही, म्हणून वर्षभरात पुन्हा करडा. स्टेनमधलं रंगद्रव्य बहुतेक लोहाचं ऑक्साइड असतं. म्हणजे काय? गेरू! तुळशीवृंदावनाला लावतो त्याचाच कारखान्यातला भाऊ.

एक गोष्ट सांगतो, ती मला फार आवडते. तुमचा डेक जुना असेल तर त्याच्या फळ्यांना मूळची हिरवट झाक असणार. लाकूड कुजू नये म्हणून दाब देऊन त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे क्षार शिरवत असत, ती त्या तांब्याची झाक. अमेरिकेतले लाखो डेक या सीसीए नावाच्या औषधावर उभे राहिले. ते शोधलं कुणी? सोंटी कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने, १९३० च्या दशकात, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम करताना. त्याचं मूळ नाव 'अॅस्क्यू'. आर्सेनिकची रासायनिक खूण एएस, तांब्याची सीयू, म्हणून अॅस्क्यू. आपल्याला घराबरोबर फुकट मिळालेल्या डेकच्या पोटात डेहराडून आहे, हे कळल्यापासून मी त्याच्याशी जरा आदराने वागतो.

पण त्यात आर्सेनिक आहे, म्हणजे विष. २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापराच्या लाकडात हे औषध घालणं इथे थांबलं. म्हणून घर २००४ च्या आधीचं असेल तर डेकवर सँडर, म्हणजे घासायचं यंत्र, फिरवू नका, ती धूळ नाकात जायला नको. आणि मोडलेल्या फळ्या शेकोटीत कधीही घालू नका. नव्या लाकडात तांब्याचं प्रमाण जास्त असतं आणि ते साध्या खिळ्यांना गंजवतं. खिळे-स्क्रू बदलाल तर जाड जस्ताच्या मुलाम्याचे किंवा स्टेनलेस घ्या.

हं, आता ते दोन तुकडे बघू. डावीकडच्यावर पाण्याचा थेंब अजून तसाच उभा आहे. हा दोन वर्षांपूर्वी स्टेन केलेला. उजवीकडचं पाणी दिसतंय? नाही, नुसता काळा डाग उरलाय. लाकूड ते प्यायलं. जे पाणी पितं ते तेल पिणार. म्हणजे याला स्टेन द्यायची वेळ झाली, आणि डावीकडच्याला अजून हात लावायचा नाही. वर्षातून एकदा एवढं केलं तरी पुरे. आणि ऐका, नव्याकोऱ्या डेकलाही हेच लागू. औषध घातलेलं लाकूड कारखान्यातून ओलं येतं. थेंब वर उभा राहत असेल तर थांबा, काही आठवडे, कधी काही महिने. दुकानातला मुलगा म्हणेल आजच लावा. त्याला त्याची ड्यूटी संपवायची असते.

धुण्याबद्दल थोडक्यात. कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच नको, ते लाकडाचा लिग्निनच खातं. ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, कोमट पाण्यात विरघळवून टाका, पंधरा मिनिटं ठेवा, राठ ब्रशने घासा. मग ऑक्झॅलिक अॅसिडचा ब्राइटनर. खिळ्यांभोवतीचे काळे डाग त्याने जातात आणि लाकडाचा रंग उजळतो. हातमोजे घाला, शेजारच्या झाडांवर आधी आणि नंतर साधं पाणी मारा. प्रेशर वॉशर, म्हणजे जोराने पाणी मारायचं यंत्र, भाड्याने आणलात तर पाइनसाठी ५००-६०० पीएसआय एवढा दाब पुरतो. तोटी फळीपासून फूटभर दूर, पंख्यासारखा फवारा. एका जागी धरलीत की फळीवर म्हशीच्या पाठीसारखे केस उभे राहतात. माझ्या मेहुण्याने त्या फवाऱ्याने डेकवर स्वतःचं नाव कोरलं होतं. ते अजून दिसतं.

मग वाळवायचं. इथेच सगळे चुकतात. शनिवारी धुतला, रविवारी लावला, सोमवारी ऑफिस, हे गणित डेकला कळत नाही. कोरडे दोन दिवस द्या, दमट हवा असेल तर तीन. केसाळ झालेली फळी ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, त्याहून बारीक नको. टेबलासारखी गुळगुळीत केलीत तर तोंडं बंद होतात आणि तेल आत जात नाही.

लावताना ऊन डेकवरून उतरलेलं हवं, हवा साधारण ५० ते ९० अंश फॅरनहाइटमध्ये. तापलेल्या फळीवर तेल मुरायच्या आत सुकतं. बारा बाय सोळाचा डेक म्हणजे १९२ चौरस फूट, त्याला गॅलनभर लागेल, जुना तहानलेला असेल तर दीड. दोन डबे आणलेत तर आधी एका बादलीत एकत्र ढवळा, डब्या-डब्यात छटा बदलते. दोन-तीन फळ्या घ्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जा. मध्येच फोन घेतलात की जोड दिसतो, आणि तो जोड पुढची दोन वर्षं तुमच्याकडे बघत राहतो. फळ्यांच्या टोकांना दोनदा पाजा. वीस मिनिटांनी जे वर चकाकत उरलं असेल ते फडक्याने पुसून घ्या. पैसे दिलेलं तेल पुसायला हात धजत नाही, मला माहीत आहे. पण वर उरलेलं तेल मुरणार नाही, चिकट थर होऊन बसेल, आणि थर झाला की तुम्ही माझ्यासारखे गुडघ्यांवर.

आणि ती फडकी. याबद्दल नीट बोलायचं म्हणून मी ती शेवटाला ठेवली. जवसासारखी सुकणारी तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतात आणि सुकताना उष्णता सोडतात. फडकं उघडं पसरलेलं असेल तर ती उष्णता उडून जाते. बोळा करून कोपऱ्यात टाकलंत तर आतल्या आत साठत जाते, आणि काडी न लावता फडकं पेटतं. इथून फार लांब नाही, फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत होती. २३ फेब्रुवारी १९९१ ला, शनिवारी, तिथल्या भिंतींवरच्या लाकडी पॅनेलांच्या कामात वापरलेली जवसाच्या तेलाची फडकी बाविसाव्या मजल्यावर पडून होती. त्यांनी पेट घेतला. तीन अग्निशमन जवान गेले. आग तिसाव्या मजल्यावर पोहोचली तेव्हा तिथल्या स्प्रिंकलरनी, म्हणजे छतातल्या पाण्याच्या फवाऱ्यांनी, ती थोपवली. ती इमारत पुन्हा कधी वापरात आली नाही. १९९९ मध्ये ती पाडून टाकली.

माझ्याकडे झाकणाचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात पाणी भरून ठेवतो. फडकं हातातून सुटलं की त्यात. तो डबा गॅरेजमध्ये न ठेवता अंगणात ठेवतो. डबा नसेल तर फडकी कुंपणावर एकेक उलगडून टाका, कडक होईपर्यंत, आणि मगच कचऱ्यात. बायकोला कुंपणावर तेलकट फडकी वाळत घातलेली आवडत नाहीत, पण तेवढे दोन दिवस ती काही बोलत नाही.

प्रश्न असतील तर चहा घेता घेता विचारा. आणि उजवीकडच्या तुकड्याला मी आता स्टेन देणार आहे, ज्यांना बघायचंय त्यांनी खुर्च्या पुढे घ्या. दाराजवळच्यांनी दार उघडं ठेवा, वास येईल.