रक्त पातळ होत नाही!

(फोंड्यात ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. जाहीर झालेला विषय आहे 'ताल चुकलेली नाडी आणि पक्षाघात'. त्याच्याकडे येतोच. पण एका शब्दाशी माझं तीस वर्षांचं भांडण आहे, ते आधी उरकू द्या. तो शब्द म्हणजे 'रक्त पातळ करायची गोळी'.

रक्त पातळ होत नाही हो! होतं तसंच राहतं, फक्त गुठळी धरायला वेळ लावतं. पण 'पातळ' म्हटलं की आपल्याला पाहुणे वाढल्यावर पाणी घातलेलं हुमण आठवतं. मग काय, अंगातलं बळ गेलंच म्हणून समजा.

आमच्या नात्यात एक मावशी आहेत. नाडी बेताल, म्हणून गोळी चालू होती. गणेश चवथीच्या आधी घरात साफसफाई, माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांची सजावट), पन्नास माणसांचं जेवण. त्यात दम लागायला लागला. त्यांनी स्वतःच निदान केलं, 'रक्त पातळ झालंय', आणि पंधरा दिवस आधी गोळी बंद! कोणाला पत्ता नाही. बंद केलेली गोळी डब्यात मात्र नीट मोजून ठेवलेली. फेकायची कशी, पैसे पडलेत. (हसताय काय, तुमच्याही डब्यात असतील.)

चवथीच्या दुसऱ्या दिवशी आरती ऐन रंगात, आणि मावशींच्या उजव्या हातातलं ताट निसटलं. तूप सांडलंय, पाय घसरला असेल, असं कुणी म्हणालं. कुणी साखरपाणी आणलं, कुणी दृष्ट काढायला मिरच्या शोधू लागलं. त्या बोलायला गेल्या, तर शब्द फुटेना. आणि घरातला एकुलता एक डॉक्टर, म्हणजे मी, कोपऱ्यात डोळे मिटून घुमट, म्हणजे आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य, बडवत होतो. चांगली दहा मिनिटं! इस्पितळात वेळेत पोचलो, मावशी वाचल्या. पण उजवा हात पुरता परतला नाही. खतखतं आता डाव्या हातानं ढवळतात.

या 'पातळ' करणाऱ्या गोळ्यांतली एक जुनी म्हणजे वॉरफरिन. अमेरिकेत विस्कॉन्सिनकडे सडलेला गवती चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरत, त्याच्या शोधातून ती निघाली. 1948 साली आली ती उंदीर मारायला! 1954 मध्ये माणसांसाठी मान्यता मिळाली, आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना हृदयविकारानंतर तीच दिली. म्हणून उंदराचं औषध म्हणून नाकं मुरडू नका. तांबडी भाजी या गोळीवर चालते का, हे मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. चालते. पण रोज साधारण तेवढीच. आठवडाभर काही नाही आणि सोमवारी टोपभर, असं नको.

घंटा? पाच मिनिटं? बरं, पळतो.

हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावण्याऐवजी थरथरतो, ते एट्रियल फिब्रिलेशन. त्याच्या डाव्या बाजूच्या एका खिशात रक्त साचतं. भांडं न हलवता ठेवलं की दही लागतं ना, तसं. त्यातली गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. धोका साधारण पाचपट. घुमटवाला चुकला तरी समेवर येतो. ही नाडी समेवर येतच नाही. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजा, शंका आली तर ईसीजी काढा.

गोळी कोणाला, हे वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा अशक्तपणा, आधीचा पक्षाघात यांवरून ठरतं. तिच्याऐवजी ऍस्पिरिन पुरत नाही. जुन्या गोळीवर रक्त तपासून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लावतं त्याचं माप, बहुधा 2 ते 3 मध्ये ठेवायचा. नव्या गोळ्यांना ती तपासणी लागत नाही, पण वेळ चुकवून चालत नाही. मात्र लहानपणच्या सांधेतापानं हृदयाची मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल किंवा धातूची झडप बसवली असेल, तर नवी नको, जुनीच. गुडघेदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना विचारा. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, की लगेच 108. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचारच तास मिळतात. मिरच्या नंतर.

चिठ्ठी आलीय : 'उर्राक चालते का?' नाव लिहिलेलं नाही, पण अक्षर ओळखीचं आहे. दारूनंच ताल बिघडतो, पात्रांव. नाही!