पाणलाव्याची शेपटी

हिवाळ्यातील सकाळ आहे. तापी नदीवरील हतनूर धरणाचे पाणी ओसरल्यामुळे उघड्या पडलेल्या चिखलात एक पक्षी आपली लांब, सरळ चोच मुळापर्यंत खुपसतो आहे. या चोचीचे टोक इतके संवेदनशील व लवचीक असते, की ते चिखलात बुडालेले असतानाच किंचित उघडते आणि डोळ्यांना न दिसणारी अळी अचूक पकडते. हा पाणलावा.

मात्र या एका नावाखाली खानदेशात हिवाळी पाहुणे म्हणून येणाऱ्या दोन जाती सहज मिसळून जातात. १७५८ मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने वर्णन केलेला साधा पाणलावा ही त्यातील एक. दुसरीला तिच्या शेपटीवरून सुईशेपट्या म्हणता येईल. दोघांचाही रंग वाळक्या गवताचा, पाठीवर पिवळसर रेघा.

खरा भेद शेपटीत आहे. साध्या पाणलाव्याला बहुधा १४ शेपटीची पिसे असतात. विणीच्या हंगामात, इथून दूर उत्तरेकडे, नर आकाशातून सूर मारताना कडेची पिसे बाहेर ताणतो आणि वाऱ्याने ती थरथरून शेळीच्या बेंबटण्यासारखा नाद उमटतो. तापीकाठी आपल्याला तो ऐकायला मिळत नाही, याची हळहळ वाटते. सुईशेपट्याची पिसे साधारण २६ असून कडेची पिसे जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद, अगदी टाचणीसारखी असतात.

अडचण अशी, की बसलेल्या पक्ष्याची ही पिसे झाकलेली असतात. म्हणून उड्डाणाकडे लक्ष द्यावे लागते. साधा पाणलावा कर्कश ओरडून नागमोडी झेपावतो आणि त्याच्या पंखाच्या मागच्या कडेला ठळक पांढरी रेघ चमकते. सुईशेपट्याच्या पंखावर ती जवळजवळ नसते, पंखाची खालची बाजू गडद दिसते, आवाज दबका असतो; शिवाय तो चिखलाखेरीज दादरीच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, शेतालगतच्या कोरड्या कडेलाही आढळतो. तरीही स्विन्होचा पाणलावा ही तिसरी जात उडताना सुईशेपट्यासारखीच दिसते, त्यामुळे केवळ उड्डाणावरून नोंद पक्की करणे आम्हाला योग्य वाटत नाही. केवळ ओळख पटवण्यासाठी, दूरवरून थकून आलेल्या पक्ष्याला पुन्हा पुन्हा उठवणे तर मुळीच नाही.

कॅमेरा स्थिर आहे. ऊन चढते, तसा गवताच्या कडेचा पक्षी पिसे साफ करू लागतो, एक पंख ताणतो आणि क्षणभर शेपटी पसरतो. तिच्या दोन्ही कडांना बारीक सुया दिसतात.