धागा क्रमांक १

[काळोखी खोली. संगणकाच्या उजेडात फक्त हात दिसतात. शोधाच्या पट्टीत कुणीतरी प्रिंटरचा एरर कोड टाइप करतंय.]

रात्रीचा एक वाजून गेलाय आणि प्रिंटर हटून बसलाय. एरर कोड शोधला, तर सगळ्यात वर आला तो एका चर्चामंचावरचा बारा वर्षांपूर्वीचा धागा. प्रश्न अगदी हाच. खाली सात प्रतिसाद. त्यातल्या सहा जणांनी ‘बंद करून पुन्हा चालू करा’ एवढंच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलंय. सातव्याने मागचं झाकण उघडून फोटो काढलाय, त्यावर लाल बाण काढलाय आणि लिहिलंय, ‘हा स्क्रू अर्धा फेरा सैल करा.’ एवढं लिहून तो जो गेला, तो त्या मंचावर पुन्हा फिरकला नाही. उत्तर मात्र जागच्या जागी आहे.

नव्या संकेतस्थळासाठी चर्चामंचाचं सॉफ्टवेअर निवडताना हा सातवा प्रतिसाद डोळ्यांसमोर ठेवायला हवा. होतं भलतंच. लोक डेमो उघडतात, रंग बघतात, बिल्ले बघतात, इमोजींची पेटी उघडून खूश होतात. हा फोटो बारा वर्षांनी दिसेल का, हे विचारायचं राहूनच जातं.

मग सरळ चॅटचा ग्रुपच काढू की, असं कुणीतरी म्हणतंच. गप्पांसाठी जरूर काढा. पण बंद ग्रुपमधलं उत्तर बाहेरून शोधणाऱ्याला सापडत नाही. आतल्यांनाही आठवड्यानंतर सापडत नाही, म्हणून तोच प्रश्न दर पंधरवड्याला नव्याने उगवतो. जे सदस्य झालेच नाहीत, जे वर्षानुवर्षं रोमात, म्हणजे ‘रीड ओन्ली मोड’मध्ये, राहून नुसते वाचतात, त्यांच्यापर्यंत पोचायचं तर धागाच लागतो.

[जुना मोडेम. लाल दिव्यांची उघडझाप.]

१९७८ च्या जानेवारीत शिकागोवर हिमवादळ आलं. घरात अडकून पडलेल्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी रँडी स्यूस या मित्राला सोबत घेऊन, फोनच्या तारेवर चालणारा एक सूचनाफलक उभा करायला घेतला. १६ फेब्रुवारीला तो सुरू झाला. लाइन एकच. एकाचा फोन लागला की बाकीच्यांना एंगेज टोन. एकाने निरोप लिहायचा, फोन ठेवायचा, मग दुसऱ्याने लावून वाचायचा. मंचाचा स्वभाव तिथेच ठरला: बोलणारा उठून गेल्यावर ऐकणारा येतो.

वेबवरची कथा फार लांबवत नाही. २००० साली जेम्स अ‍ॅटकिन्सन यांनी स्वतःच्या संकेतस्थळासाठी पीएचपीबीबी हे मंचाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. फुकट, मुक्तस्रोत, साध्यातल्या साध्या होस्टिंगवर चालणारं. त्याच सुमाराला व्हीबुलेटिन आलं. त्याला पैसे पडायचे आणि मोठे मंच ते मोजायचे. २००७ मध्ये व्हीबुलेटिनची कंपनी विकली गेली, पुढे जुने प्रोग्रामर बाहेर पडले, त्यांनी झेनफोरो हे स्वतःचं सॉफ्टवेअर काढलं आणि मामला कोर्टात गेला. परवाना घेताना माणूस आजची यादी बघतो, पण तीन वर्षांनी ते सॉफ्टवेअर कुणाच्या हातात असेल हे काही त्या यादीत लिहिलेलं नसतं.

[पडद्यावर एक काळं पान. इंग्रजीत एकच ओळ: ‘हे संकेतस्थळ विद्रूप करण्यात आलं आहे.’]

डिसेंबर २००४. सँटी नावाचा एक वर्म, म्हणजे आपला आपणच पसरणारा घातक प्रोग्राम, सुटला. पीएचपीबीबीच्या जुन्या आवृत्तीत एक भोक होतं आणि ते असलेले मंच हा वर्म चक्क गूगलवर शोधायचा. सापडला मंच की त्याची पानं पुसून त्यावर स्वतःची पाटी लावायचा. हजारो मंच गेले. गूगलने तसे शोध अडवले, तेव्हा कुठे जोर ओसरला. चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे: ते भोक बुजवणारी आवृत्ती महिनाभर आधीच आली होती. चालकांनी ती बसवलेली नव्हती, एवढंच.

हा जुना जमाना म्हणून सोडून द्यावं, तर २०१६ बघा. उबुंटू या संगणकप्रणालीच्या मंचावर डल्ला पडला आणि वीस लाख सदस्यांची नावं आणि ई-मेल पत्ते बाहेर गेले. वाट कुठून मिळाली? फोरमरनर नावाच्या एका प्लगिनमधून, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला वरून जोडलेल्या पुरवणीतून. त्याचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारी दुरुस्ती, बसवायचा राहिला होता. पासवर्ड मात्र हाती लागले नाहीत, कारण लॉगिनची व्यवस्था मंचाच्या बाहेर, स्वतंत्र होती.

म्हणून निवडताना माझा पहिला प्रश्न सॉफ्टवेअरबद्दलचा नसतोच. महिन्यातून एकदा, सणवार असो की परीक्षा, अपडेट कोण बसवणार? एका माणसाचं नाव सांगा. नाव पुढे येत नसेल तर स्वतःच्या सर्व्हरचा नाद सोडा आणि त्या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांकडूनच चालवून घ्या. त्याचे पैसे पडतील ते पडोत. दुसरी गोष्ट, प्लगिनं मोजा. तीन-चार असतील तर ठीक. मंचाची गरज भागवायला पंधरा प्लगिनं लागत असतील, तर ते सॉफ्टवेअर तुमच्यासाठी नाही. पंधरांपैकी एखाद्याचा कर्ता लग्न करून, नोकरी बदलून कधी गायब झाला हे तुम्हाला अपडेटच्या दिवशीच कळतं, पांढरं पान समोर आल्यावर.

[फोटोच्या जागी राखाडी चौकोन. मग आणखी एक. मग पान भरून तेच.]

आता तो लाल बाणाचा फोटो. कित्येक मंचांवर एके काळी चित्र चढवायची सोयच नव्हती. डिस्कची जागा महाग. लोक फोटो बाहेरच्या सेवेवर ठेवायचे आणि धाग्यात दुवा द्यायचे. २०१७ च्या मध्यावर फोटोबकेटने नियम बदलले आणि दुसऱ्या संकेतस्थळांवर चित्रं दाखवायची सोय महागड्या वार्षिक वर्गणीमागे गेली. मोटारदुरुस्तीच्या, विणकामाच्या, रेडिओ जुळणीच्या धाग्यांमधून एका फटक्यात चित्रं उडाली. मजकुरात ‘खालच्या फोटोत दाखवल्याप्रमाणे’ असं लिहिलेलं, आणि खाली चौकोन. तेव्हा चित्रं आपल्याच डिस्कवर उतरायला हवीत, बॅकअपमध्ये यायला हवीत. डिस्कोर्स या मंचाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर दुव्याने लावलेलं चित्रही स्वतःकडे उतरवून ठेवायची सोय आहे.

डिस्कोर्स २०१३ मध्ये आलं. जेफ अ‍ॅटवुड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांचं हे काम. पानांचे आकडे गेले, खाली सरकत राहायचं. यातली मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे विश्वासाच्या पायऱ्या, शून्य ते चार. नव्या माणसाला आल्या आल्या दुवे आणि चित्रं यांवर मर्यादा. निदान पाच धागे उघडले, तीस प्रतिसाद वाचले, दहा मिनिटं वाचण्यात घालवली की तो एक पायरी चढतो. म्हणजे आधी वाच, मग बोल. स्पॅम टाकणाऱ्या यंत्राला वाचायला वेळ नसतो, आणि डु-आयडी, म्हणजे दुसरं बनावट खातं, काढून भांडायला आलेल्यालाही सहसा नसतो.

पण ते बसवायला डॉकर (सॉफ्टवेअर एका बंद डब्यात घालून चालवणारं साधन) लागतो, किमान एक जीबी मेमरी लागते, आणि ई-मेल नीट गेल्याशिवाय पान पुढे हलत नाही. नोंदणीची खात्री करणारं पत्रच पोचलं नाही तर सदस्य आत येणार कसा? बऱ्याच होस्टिंगवाल्यांकडे २५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे ई-मेल बाहेर जायची वाट, बंद असतं. मंच उभा करणाऱ्यांचे पहिले दोन दिवस यातच जातात, हे डेमोत दिसत नाही. एवढा व्याप नको असेल तर पीएचपी या भाषेत लिहिलेलं फ्लॅरम हलकं आहे. त्याची १.० आवृत्ती २०२१ मध्ये आली. आणि पीएचपीबीबी अजून जिवंत आहे. दिसायला जुनाट, पण कमी मेमरीत निमूट चालतं. पन्नास सदस्यांच्या मंचाला त्याची लाज वाटायचं कारण नाही.

[पडद्यावर प्रश्नचिन्हांच्या ओळी.]

हे मी स्वतः पाहिलंय. एका छोट्या मंचाचं काम माझ्याकडे होतं. सर्व्हर बदलला, डेटाबेस उतरवला, नव्या जागी चढवला, पान उघडलं. मजकूर नव्हता, नुसती प्रश्नचिन्हं. शीर्षकात प्रश्नचिन्हं, प्रतिसादात प्रश्नचिन्हं, सदस्यांच्या नावांतही. रोमन अक्षरं तेवढी शाबूत. डेटाबेसची फाइल चुकीच्या एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरं साठवायच्या चुकीच्या पद्धतीने, उतरवली गेली होती. देवनागरीच्या जागी परक्या चिन्हांची गिचमिड दिसली तर मजकूर बहुधा परत मिळवता येतो, मूळ बाइट आत असतात. प्रश्नचिन्ह दिसलं की अक्षर गेलं. जुना सर्व्हर अजून बंद केला नव्हता म्हणून वाचलो. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर त्यातली टेबलं ‘यूटीएफ८एमबी४’ मध्येच हवीत. नुसत्या ‘यूटीएफ८’ मध्ये देवनागरी बसते, इमोजी बसत नाही, आणि काही जुन्या मांडण्यांमध्ये इमोजीपासून पुढचा सगळा प्रतिसादच कापला जायचा. शोधही तपासून घ्या. ‘स्क्रू’ शोधल्यावर ‘स्क्रूला’ असलेला प्रतिसाद येतो का? प्रत्यय शब्दालाच चिकटणाऱ्या आपल्या भाषेत बऱ्याच मंचांचा शोध इथे आंधळा ठरतो.

विभाग मात्र कमी ठेवा. पहिल्याच दिवशी चौदा विभाग आणि प्रत्येकासमोर शून्य, असा मंच उघडणाऱ्याला वाटतं आपण चुकून गोदामात शिरलो. दोन पुरे. गर्दी झाली की तिसरा.

[एक हात कळफलकावर. ‘नवा धागा’ हे बटण.]

आणि बाहेर पडायची वाट. याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरमध्ये बंद झालं, आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळावरच्या चर्चा २०१७ मध्ये पुसल्या गेल्या. दुसऱ्याच्या जागेत मंच असेल तर सगळा डेटाबेस, चित्रांसकट, हवा तेव्हा उतरवता येतो का, हे आधी लेखी विचारा. सॉफ्टवेअर बदललं की धाग्यांचे पत्तेही बदलतात. जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्याकडे वळवता येत नसेल, तर बारा वर्षं जमवलेले दुवे वाया गेले म्हणून समजा.

तपासायला एक संध्याकाळ पुरते. निवडलेलं सॉफ्टवेअर बसवा. एक धागा काढा. त्यात जोडाक्षरांनी भरलेली दोन वाक्यं, एक इमोजी, एक फोटो टाका. बॅकअप घ्या. मग मंच पुसून टाका, दुसऱ्या यंत्रावर बॅकअप चढवा आणि धाग्याचा तोच जुना पत्ता उघडा.

बहुतेक मंचांवर हा धागा पुढे तसाच राहून जातो. क्रमांक १, शीर्षक ‘चाचणी, कृपया दुर्लक्ष करावे’. तीन-चार वर्षांनी कुणीतरी तो शोधून वर काढतं आणि खाली लिहितं, ‘केलं.’