पट्टा, रॉड आणि पुढची वर्षं

पोरीच्या पाठीचा कणा बाजूला वाकला (स्कोलिओसिस), की यावल-रावेरकडून आई-बाप एक्स-रेची पिशवी घेऊन येतात आणि खुर्चीत टेकायच्या आत विचारतात, “पट्टा बरा का ऑपरेशन?” मी उलट दोन गोष्टी विचारतो: बाक किती अंशांचा, आणि पोरीची वाढ किती शिल्लक? २५ ते ४० अंश असेल आणि उंची वाढत असेल, तर धडाभोवती घालायचा प्लॅस्टिकचा पट्टा. ५० च्या पुढे गेला की ऑपरेशनचं, म्हणजे कण्याला धातूचा रॉड बसवायचं बोलायचं, कारण छातीमागचा एवढा बाक वाढ थांबल्यावरही वर्षाला साधारण एक अंश सरकू शकतो.

पण आईला खरं विचारायचं असतं ते हे, की पोरगी चाळिशीची होईल तेव्हा कशी असेल?

स्वीडनमधल्या गोटेबर्गच्या डॉक्टरांनी हे तपासलं. लहानपणी ऑपरेशन झालेले १५६ आणि पट्टा वापरलेले १२७ जण वीसहून जास्त वर्षांनी त्यांनी शोधायला घेतले आणि त्यातल्या बहुतेकांना तपासलं. पाठदुखी दोन्ही गटांत इतरांपेक्षा थोडी जास्त निघाली. जगण्याच्या दर्जात मात्र बाकीच्या लोकांपेक्षा फार फरक दिसला नाही, आणि पट्टावाले-रॉडवाले यांच्यातही नाही. तेव्हाचा हॅरिंग्टन रॉड सरळसोट असायचा. तो खालपर्यंत गेला तर कमरेचा नैसर्गिक खोलगटपणा जाऊन ती सपाट व्हायची आणि पुढे ताठ उभं राहणं जड जायचं. आता मणक्यांत स्क्रू बसवून दांडा हवा तसा वळवतात. तरी “आता पुढे काहीच त्रास नाही” असं कुणी म्हटलं, तर मी मान डोलवत नाही. या स्क्रूंचा चाळीस वर्षांचा हिशेब अजून यायचाय.

पट्ट्याचं म्हणाल, तर २०१३ साली अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासाचा निकाल आला. पट्टा दिलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० च्या आत राहिला, नुसती देखरेख ठेवलेल्यांत ४८ टक्के. पट्ट्यात तापमान टिपणारी चिप होती; रोज सरासरी १३ तास किंवा जास्त घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या घरात गेलं. (आपल्याकडे मे महिन्यात खुंटीला टांगलेला पट्टासुद्धा त्या चिपला अंगावरच वाटला असता!)

जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात तो प्लॅस्टिकचा पट्टा घालणं म्हणजे काय, हे मला कळतं. आत शिवण नसलेलं सुती बनियन घाला, भिजलं की बदला. कातडी लाल होऊन तशीच राहिली, तर पट्टा बनवणाऱ्याकडे जाऊन तो तेवढ्या जागी घासून घ्या. घरी कापत बसू नका. पोरीशी तासांचं भांडण होतंच. संध्याकाळी साडेपाचला घातला आणि सकाळी साडेसहाला काढला, तर तेरा तास भरतात. डॉक्टरांनी जास्त सांगितले असतील तर जास्तच. पण शाळेतली चिडवाचिडवी हेच अडणं असेल, तर डॉक्टरांशी उघड बोला. खोटे तास सांगून काहीच हाती लागत नाही.

आणि शेवटी, दाराशी उठता उठता विचारतात तो प्रश्न: “पोरनं लगीन कसं व्हई?” ताई, लग्नामागची खरी काळजी बाळंतपणाची असेल, तर ते बहुतेकींचं नीट होतं. फक्त रॉड असेल तर बाळंतपणासाठी दवाखान्यात नाव नोंदवतानाच सांगा आणि जुने एक्स-रे सोबत न्या. सिझेरियनची वेळ आली, तर भुलीच्या डॉक्टरांना पाठीत सुई कुठे टोचायची हे आधी पाहावं लागतं.