थांबा न ताई, ती बोलून राहिली

(नागपुरातल्या एका वाचनालयाच्या वर्धापनदिनी दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

पाचपावली भागातल्या एका वस्तीत आमचा बचत गट होता. १४ बायका, महिन्याला ५० रुपये बचत, दर महिन्याच्या १० तारखेला दुपारी २ वाजता बैठक. उशीर झाला तर ५ रुपये दंड. पैशाची पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या घरी. मी तिथे सहयोगिनी होते, म्हणजे गट बांधायचे, हिशेब तपासायचे, बँकेत खातं उघडून द्यायचं. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची, आणि जाईन तिथे बोलायची. बचतीचं महत्त्व, आरोग्य, मुलींचं शिक्षण. बायका माना डोलवायच्या. काम चांगलं चाललंय असं मला मनापासून वाटायचं.

त्या गटातल्या एका बाईनं शिलाई मशीनसाठी गटातूनच ३,००० रुपये कर्ज घेतलं होतं. तीन महिने हप्ता आला नाही. चौथ्या बैठकीत मी तयारीनंच गेले. रजिस्टर उघडलं, तिच्या नावासमोरचे तीन मोकळे रकाने सगळ्यांना दाखवले आणि विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "ताई, मशीन तर हाये, पण..." आणि मी सुरू झाले. मशीन नुसती घेऊन भागत नाही, काम शोधावं लागतं, फॉल-पिकोचं बोर्ड लाव, दुकानदारांना भेट, मी तुला प्रशिक्षणाला पाठवते. पाच मिनिटं तरी मी बोलत असेन.

गटात एक म्हातारी होती. पापड लाटून घर चालवलेली, सही म्हणून अंगठा लावणारी. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "थांबा न ताई, ती बोलून राहिली."

मी थांबले. सतरंजीवर कोणीच काही बोलेना. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली. मला ते दोन मिनिटं सहन होत नव्हते, खरं सांगते. मग ती बाई बोलली. मीटर दिराच्या नावावर. बिल दीर भरतो. दिवसभर ती धुणीभांडी करायला जाते, शिवायला बसायचं तर रात्रीच. पण नऊ वाजले की जाऊ मेन स्विच पाडते. मशीन आहे, कापड आहे, लग्नसराईत गिऱ्हाईकही आहे. उजेड नाही.

माझ्या पाच मिनिटांच्या बोलण्यात उजेड हा शब्द कुठेच नव्हता. माझं प्रशिक्षण, माझं बोर्ड, त्यातलं काहीही तिच्या उपयोगाचं नव्हतं. तोडगा गटातच निघाला आणि तोही दहा मिनिटांत. मागच्या गल्लीत एकीच्या घराला बंद पडवी होती, तिथे ट्यूबलाइट होती. संध्याकाळी दोघी-तिघींनी मशीन हातगाडीवर घालून तिकडे नेली. लगेच सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. पुढे नवऱ्याच्या आजारपणात तिचे आणखी दोन हप्ते चुकले. पण मशीन चालू राहिली आणि कर्ज फिटलं.

निघताना मी त्या म्हातारीला विचारलं, "आजी, तिचं बोलणं संपलं नाही हे तुम्हाला कसं कळलं?" ती म्हणाली, "तिनं पदर कुठं सोडला होता बोटातून? बाईचं बोलणं सरलं की बाई पदर सोडते."

मी समाजकार्याची पदवी घेतलेली. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळणाऱ्या शेकडो बायका मी तोवर पाहिल्या होत्या. एकीच्याही हाताकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

त्या दिवसापासून ऐकणं या गोष्टीचा मी विचार करते आहे, आणि विचार करताना आपल्या भाषेनंच मला अडवलं. आपण म्हणतो, "पोरगं ऐकतच नाही." त्याचे कान तर चांगले असतात. आपल्याला म्हणायचं असतं की ते आपण सांगितलेलं करत नाही. "सून सासूचं ऐकते" याचा अर्थ ती मुकाट्यानं वागते. "मला फार ऐकून घ्यावं लागलं" म्हणजे बोलणी खावी लागली. बघा, आपल्या घरांत ऐकणं हे कोणाचं काम आहे? लहानांचं, सुनांचं, हाताखालच्यांचं. जो मोठा झाला तो ऐकण्यातून सुटला, अशी आपली रीत. आणि मला वाटतं, माणसाची वाढ नेमकी तिथेच थांबते. वयानं वाढतो, हुद्द्यानं वाढतो, पण ज्या दिवशी ऐकण्यातून सुटतो त्या दिवसानंतर त्याला नवीन काही कळत नाही. मी तिशीतच सुटले होते. एका अंगठेबहाद्दर म्हातारीनं मला परत ओढून आणलं.

पण "ऐकून घेणं" या शब्दाला दुसरीही बाजू आहे. "जरा माझं ऐकून घे," असं आपण जिवाभावाच्या माणसालाच म्हणतो. त्यातल्या "घे"कडे लक्ष द्या. समोरच्याच्या हातातलं ओझं आपल्या हातात घेतो तसं ते घेणं आहे. घ्यायचं तर आपले हात आधी रिकामे हवेत. माझे हात उत्तरांनी भरलेले होते.

माझं माहेर अमरावती जिल्ह्यातलं. गावात गुरुदेव सेवा मंडळ होतं, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना व्हायची आणि वडील खंजिरी वाजवायचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ही प्रार्थना गावोगाव नेली ती का, हे मला लहानपणी कळत नव्हतं. आता थोडं कळतं. खंजिरी भजनात पुढचा एक ओळ टाकतो आणि मागचे ती उचलतात. मागच्यानं कान दिला नाही तर सूर आणि ताल दोन्ही त्याच क्षणी सुटतात आणि साऱ्या गावाला कळतं. पुढे म्हणणारा दमला, त्याचा श्वास तुटला, तरी भजन तुटत नाही, कारण मागच्यांनी ते धरलेलं असतं. आधार म्हणतात तो मला असा दिसतो. आधार देणारा पुढच्याची जागा घेत नाही, आपल्या चालीत त्याला ओढत नाही. त्याला श्वास घ्यायला मिळेल एवढा वेळ त्याचीच ओळ धरून ठेवायची.

याच धर्तीची एक लांबची गोष्ट सांगते. मे १९३५. अमेरिकेतलं अ‍ॅक्रन नावाचं शहर. न्यूयॉर्कहून धंद्याच्या कामासाठी आलेला बिल विल्सन हा माणूस हॉटेलात एकटा पडला होता. काम फसलेलं, दारू सोडून काही महिनेच झालेले आणि समोर बार. त्यानं बारऐवजी फोनची वाट धरली आणि शोधत शोधत डॉक्टर बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोचला. तोही दारूत बुडालेला. या माणसाला पंधरा मिनिटं द्यायची, असं डॉक्टरनं ठरवलं होतं. दोघं सहा तासांच्या वर बसले. डॉक्टरला उपदेश करणारे आजवर खूप भेटले होते. हा स्वतःचं सांगत होता, आणि तेच दुःख ज्याच्या अंगावरून गेलं होतं असा माणूस डॉक्टरला भेटला होता. त्या भेटीतून दारू सोडू पाहणाऱ्यांचं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं. १० जून १९३५ हा त्याचा स्थापनादिन मानतात. त्यांच्या बैठका आज आपल्याकडे मराठीतही चालतात. एक बोलत असताना दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही आणि सल्ला द्यायचा नाही, आपली पाळी आली की आपलं सांगायचं, अशी तिथली रीत. आमच्या गटातल्या एकीचा नवरा जायला लागला तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, घरी तर आम्ही त्याला बोलूनच राहतो. तिथं त्याला बोलू देतात."

बचत गटात १० ते २० माणसं असतात. शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या नाबार्ड या बँकेनं १९९२ साली ५०० गट बँकांना जोडून हा प्रयोग सुरू केला तेव्हापासून हीच मर्यादा आहे. २०च्या वर गेलं की तेव्हा नोंदणीचा कायदा लागायचा, हे त्याचं कागदावरचं कारण. माझ्या अनुभवातलं कारण वेगळं आहे: २० बायका एका बैठकीत प्रत्येकी एकदा बोलू शकतात. पन्नास जमल्या की सभा होते, आणि सभेत पाच जणी बोलतात.

आता प्रेरणेबद्दल. प्रेरणा म्हटलं की आपण भिंतीवरच्या तसबिरीकडे बघतो. मोठी माणसं प्रेरणा देतात यात शंकाच नाही. पण प्रेरणा येते कुठून आणि तिचं आपण करतो काय, ते पाहिलं पाहिजे. आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. २००१ साली हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेले विजय बारसे पावसात थांबले असताना त्यांना झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी पोरांना खरा चेंडू दिला. पुढे त्यातूनच झोपडपट्टी फुटबॉलचं काम उभं राहिलं आणि इथली मुलं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. ही गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. लोक चेंडू दिल्याचं सांगतात. मला त्याच्या आधीचं मोठं वाटतं. पावसात उभं राहून त्यांनी त्या पोरांचा खेळ पाहिला. "बादली कशाला लाथाडता रे, अभ्यास करा," असं म्हणणारे शंभर जण त्या रस्त्यानं गेले असतील. पोरांकडे आधीच काय आहे ते एकानं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी विसरून न जाता धरून ठेवलं. विसरून न जाणं हाच अवघड भाग असतो.

म्हातारीचं ते वाक्य मी घरी जाऊन विसरले असते. चांगलं वाक्य ऐकलं, दोन मैत्रिणींना सांगितलं, संपलं. तसं होऊ नये म्हणून मी हिशेबाच्या रजिस्टरात शेवटी एक रकाना आखला: आज कोण बोललं नाही. दर बैठकीनंतर तिथे नावं लिहायची आणि पुढच्या बैठकीला त्या बाईच्या शेजारी जाऊन बसायचं. काही विचारायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. पहिल्या वर्षी त्या रकान्यात तीच तीच चार नावं यायची. त्यातल्या एकीनं सहाव्या बैठकीला पहिल्यांदा तोंड उघडलं आणि म्हणाली, "मला दहावीला बसायचं आहे." तिचं वय तेव्हा ३१ होतं. गटानं तिची फी भरली, दोघींनी तिची मुलं सांभाळली. पहिल्या वेळी ती गणितात राहिली, दुसऱ्या वेळी निघाली. ही इच्छा मी तिच्यात घातली नव्हती. ती तिच्याजवळ होतीच, सहा महिने आमच्या सतरंजीवर बसून होती.

आपल्या शहराला हे येत नाही असं मला म्हणायचं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो माणसं इथे येतात. वस्त्यावस्त्यांतून लोक रस्त्यावर चूल मांडून त्यांना जेवू घालतात. आमच्या गटानंही कित्येक वर्षं भाताचं पातेलं चढवलं. एका वर्षी एक आजीबाई जेवून झाल्यावरही उठेनात. रांग वाढत होती, मला घाई झाली होती. गटातली एक वाढणं सोडून त्यांच्याजवळ बसली आणि एवढंच म्हणाली, "कुठून आल्या, माय?" आजीबाईंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. वाचता येत नव्हतं त्यांना, नातीसाठी घेतलं होतं. त्यातलं एक पान वाचून दाखव, म्हणाल्या, म्हणजे नातीला काय द्यायचंय ते मला कळेल. ती बाई रस्त्याच्या कडेला बसून मोठ्यानं वाचत होती आणि आजीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. वाढायला मी उभी राहिले.

ती पापडवाली आजी आता खूप थकली आहे. कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नाही. मागच्या दिवाळीत मी फराळ घेऊन गेले होते. त्या वर्षी माझा भाऊ गेला होता, आणि नको नको म्हणता मी तेच बोलायला लागले. मध्येच थांबले, कारण तिला ऐकू जात नाही हे माहीत होतं. सून चहाचा कप घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "ताई, त्यांना काही समजत नाही आता." आजीनं सुनेकडे न बघताच हात वर करून तिला थांबवलं. तिची नजर माझ्या मांडीवर होती. मी खाली पाहिलं, तर पदराचं टोक माझ्या बोटाभोवती गुंडाळलेलं होतं.